शाळेची नोकरी धरली, तर मी नट उरतो का?

पत्र

मावशी, सा. न.

मी ३६ वर्षांचा, धायरीला राहतो. कॉलेजात पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धा केली, दोनदा अंतिम फेरीला गेलो. इंजिनीअर झालो, चार वर्षं हिंजवडीत नोकरी केली आणि नऊ वर्षांपूर्वी ती सोडली. प्रायोगिक नाटकं केली, दोन-तीन सिनेमांत छोटी कामं केली, मग एका मालिकेत नायिकेच्या दिराची भूमिका मिळाली. दोन वर्षं महिन्याला दहा-बारा दिवस शूटिंग असायचं. भाजी घ्यायला गेलो तरी लोक ओळखायचे. मग माझा ट्रॅक, म्हणजे कथेतला माझ्या पात्राचा भाग, संपवला. त्याला १६ महिने झाले. या १६ महिन्यांत मिळून ११ दिवस काम केलंय. ऑडिशन पाठवतो, पण पलीकडून काही कळतच नाही. दोन महिन्यांपूर्वी एका सिनेमात १५ वर्षांच्या मुलाच्या बापाची भूमिका विचारली होती. मी नाही म्हणालो. एकदा बाप केला की पुढे बापच करत बसायचं, असं वाटलं.

बायको सहकारी बँकेत आहे, घर तिच्या पगारावर चालतं. आता जवळच्या एका शाळेनं नाट्यशिक्षक म्हणून पूर्णवेळ बोलावलंय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मित्र म्हणतात, कर्ज काढ आणि वर्षभर मुंबईत राहा. बाबा म्हणतात, एकदा काय ते ठरव. भेटेल तो विचारतो, "सध्या काय चालू आहे?" आणि मी खोटं बोलतो. शाळा धरली, तर मी नट उरतो का?

(नाव छापू नये)

उत्तर

मावशी म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते.

शाळा धर. कर्ज काढू नकोस. या दोन गोष्टींबद्दल माझ्या मनात शंका नाही, म्हणून त्या आधीच सांगितल्या. बाकीचं सावकाश बोलू, कारण तुझा खरा प्रश्न नोकरीचा नाहीये. तो शेवटच्या ओळीत आहे आणि तोच तुला झोपू देत नाहीये.

आधी तुझे आकडे बघू. १६ महिन्यांत ११ दिवस. तू ते असे लिहिलेस, जणू काही गुन्हा कबूल करतोयस. मी ३३ वर्षं कॅमेऱ्यासमोर काम करते. माझ्या जुन्या डायऱ्या काढून बसले, तर एका अख्ख्या वर्षात फक्त सात दिवस शूटिंग केल्याची नोंद सापडते. त्याच्या पुढच्या वर्षी १४० दिवस आहेत. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा वीस-बावीस. मधल्या वर्षी मी अचानक चांगली नटी झाले आणि पुढच्या वर्षी बिघडले, असं काही घडलं नव्हतं. एक मालिका आली आणि गेली. तुला दोन वर्षं सलग काम मिळालं, त्यामुळे तो वेग तुला आपला नेहमीचा वेग वाटायला लागला. बहुतेक नटांच्या आयुष्यात अशी सलग दोन वर्षं फार कमी वेळा येतात आणि ती येतात तेव्हा त्यांचा हिशोब वेगळा ठेवायचा असतो. हे तुला तेव्हाच कोणीतरी सांगायला हवं होतं.

ट्रॅक संपवला म्हणतोस. कसा संपवला ते लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, कुठल्या जोडीचे प्रसंग चालले ते चॅनलवर बघतात आणि पुढच्या पंधरवड्याची कथा त्या बाजूला वळते. ज्याच्या बाजूनं वळत नाही, त्याला कोणी "तुला काढलं" असं सांगत नाही. फक्त कॉल यायचा थांबतो. एका मालिकेत मी मोठ्या घरातल्या आत्याबाई करत होते. एका भागात आत्याबाई काशीला निघाल्या. मला वाटलं, आठवड्याभरानं परत येतील. तीन आठवडे वाट बघितली. शेवटी ड्रेसदादांना सहज फोन केला, तर ते अवघडून म्हणाले, "ताई, तुमच्या साड्या दुसऱ्या सेटवर दिल्या." त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते. माझ्या कामात खोट होती का, हा प्रश्न मी पुढे वर्षभर उगाळत बसले. आत्ता, इतक्या वर्षांनी, मला ठामपणे सांगता येतं की नव्हती. तुझ्याही नव्हती, असं मी तुझं काम न बघता म्हणणार नाही. पण ट्रॅक संपणं हा त्याचा पुरावा होत नाही.

आता नोकरीकडे येते. तुझ्या मनात नटाचं एक चित्र आहे. खरा नट नोकरी सोडतो, उपाशी राहतो, मग एक दिवस त्याला मोठी भूमिका मिळते. हे चित्र आपण सगळे मुलाखतींतून शिकलो. पण आपल्याच गावातल्या माणसांकडे नीट बघ. डॉ. श्रीराम लागू बी. जे. मेडिकलमध्ये शिकले. ते कान-नाक-घशाचे सर्जन होते. पुण्यात भालबा केळकरांच्या पीडीए या नाट्यसंस्थेत नाटकं करत होते, त्याच काळात प्रॅक्टिसही करत होते. शिकायला कॅनडा आणि इंग्लंडला गेले, टांझानियात टबोराला जाऊन डॉक्टरकी केली आणि पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर. निळूभाऊ फुले लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. बागेत काम करायचे आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उभे राहायचे. 'एक गाव बारा भानगडी' हा त्यांचा पहिला सिनेमा १९६८ सालचा. तेव्हा ते तुझ्या आजच्या वयापेक्षा थोडे मोठेच होते.

हे दोघं 'सामना'त समोरासमोर येतात, निळूभाऊ हिंदुराव आणि डॉ. लागू मास्तर. आणि तो सिनेमा केला कोणी? डॉ. जब्बार पटेलांनी. ते दौंडला लहान मुलांचे डॉक्टर. एक सर्जन, एक माळी आणि एक बालरोगतज्ज्ञ. १९७५ साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. तो बघताना यांतला कोण अर्धवेळ आणि कोण पूर्णवेळ, हे तुझ्या मनात तरी आलं का?

आणि तू ज्या नोकरीला घाबरतोयस, नेमक्या त्याच नोकरीतून आलेली एक बाई सांगते. सुलभा देशपांडे. त्यांनी सुरुवात केली ती दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका म्हणून. शाळेतल्या मुलांची नाटकं बसवता बसवता त्या विजय तेंडुलकर, विजया मेहता यांच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेत आल्या. १९६७ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये त्यांनी लीला बेणारे केली. बेणारे शिक्षिकाच आहे, हे तुला माहीत असेलच. मी ते नाटक वाचते तेव्हा बेणारे शाळेतल्या पोरांविषयी बोलायला लागते, तिथे मला दरवेळी थांबावं लागतं. ज्या बाईनं स्वतः सकाळी वर्गावर उभं राहून हजेरी घेतली आहे, तिच्या तोंडी ती वाक्यं कशी लागली असतील! १९७१ साली सिनेमा निघाला, त्यातही बेणारे त्याच. पुढे हिंदी समांतर सिनेमा, टीव्ही, लहान मुलांसाठी 'चंद्रशाला' या बालनाट्य संस्थेचं काम. २०१२ साली, पंचाहत्तरीत, 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये त्या श्रीदेवीच्या सासूबाई होत्या. ती भूमिका लहान होती, पण घरातली खरी सासू वाटावी अशी होती. या सगळ्या प्रवासाचा नकाशा काढायला गेलास, तर एक सरळ रेघ मिळणार नाही.

इथे थोडं थांबते, कारण ही उदाहरणं मी तुला गोड खाऊ म्हणून देत नाहीये आणि त्यांत एक अडचणही आहे. अशोक सराफ स्टेट बँकेत दहा वर्षं होते, शिवाजी साटम सेंट्रल बँकेत कॅशियर होते, हे तू शंभरदा ऐकलं असशील. पण त्या काळच्या बँकेची नोकरी आणि आजची हिंजवडीची नोकरी यांची बरोबरी करू नकोस. तेव्हा बँकांच्या आपापसांत नाट्यस्पर्धा व्हायच्या, बँकेला आपलं नाटक जिंकावंसं वाटायचं, तालमीला सवलत मिळायची, संध्याकाळ आपली असायची. नोकरी नटाला सांभाळत होती. मी स्वतः एका सरकारी कार्यालयात १९ वर्षं कारकुनी केली. आमच्या साहेबांनी राज्य नाट्य स्पर्धेसाठी दिलेली रजा मी विसरलेले नाही. आज अशी नोकरी शोधून सापडत नाही. नोकरी करत नट होता येतं, हे या लोकांनी दाखवलं. पण कोणत्याही नोकरीत राहून ते होत नाही. नोकरी कसली आहे, तीत मोकळे दिवस किती, संध्याकाळी अंगात काय उरतं, यावर सगळं ठरतं. म्हणून हिंजवडीच्या जुन्या नोकरीत परत जाऊ का, असं विचारलं असतंस, तर मी कदाचित नको म्हणाले असते. तू शाळा म्हणतोयस, म्हणून मी हो म्हणते.

पण शाळेकडूनही कागदावर काही गोष्टी घे. पूर्णवेळ म्हणजे किती ते नीट विचार. दुपारी शाळा सुटल्यावर थांबावं लागेल का, शनिवारी काय, हे विचार. वर्षातून १५ दिवस बिनपगारी रजा, आठवडाभर आधी कळवून, असं नेमणूकपत्रात लिहून माग. तोंडी "बघू हो सर, करू काहीतरी" यावर विसंबू नकोस. मुख्याध्यापक बदलतात. पगार त्यासाठी थोडा कमी घ्यावा लागला तरी चालेल, पण ते १५ दिवस सोडू नकोस. आणि तूही त्यांना एक गोष्ट प्रामाणिकपणे दे. नोव्हेंबर ते जानेवारी स्नेहसंमेलनाचा काळ असतो. त्या काळात मी शूटिंगच्या तारखा घेणार नाही, असं आपणहून सांग. तुझ्या भरवशावर साठ पोरं रंगमंचावर उभी राहणार आहेत. त्यांना ऐनवेळी सोडून सेटवर गेलास, तर ते मला आवडणार नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि तेव्हा सिनेमांची शूटिंग चालू असतात. हे गणित तुझ्या बाजूचं आहे.

एक सावधगिरी मात्र बाळग. मुलांना शिकवण्यानं आपलं काम आपोआप तल्लख राहील, अशी समजूत करून घेऊ नकोस. दिवसभर मोठ्या आवाजात, मोठ्या हातवाऱ्यांनी समजावून सांगायची सवय अंगात मुरते आणि कॅमेऱ्याला ती लगेच दिसते. माझ्या ओळखीचा एक चांगला नट याच कारणानं क्लोजअपमध्ये वर्षभर खोटा दिसत होता. त्याला ते कोणी सांगितलं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ स्वतःसाठी ठेव. सुदर्शन रंगमंच, द बॉक्स, ज्योत्स्ना भोळे सभागृह, जिथे काही उभं राहत असेल तिथे जा. भूमिका नसली तरी वाचनाला बस, प्रकाशयोजनेला हात लाव. लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूटची मुलं दरवर्षी डिप्लोमा फिल्म करतात आणि त्यांना पुण्यातले नट लागतात. पैसे नावापुरते असतात. पण कॅमेऱ्यासमोर अर्ध्या सेकंदाच्या शांततेसाठी तिथे सात-सात टेक घेतात. मालिकेत दिवसाला दहा-बारा प्रसंग उडवायची सवय झालेल्या माणसाला याची फार गरज असते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही. तू खोटं बोलतो असं लिहिलंस, म्हणून लिहिते. माझी कारकुनी नोकरी लागली ती वयाच्या तिशीत, दोन सिनेमे करून झाल्यावर. त्या नोकरीची मला लाज वाटायची. नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या टेबलाशी कोणी विचारलं, "सध्या काय?" की मी म्हणायचे, "दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत." नोकरीचं नाव काढायचे नाही. शूटिंगचा फोन आला आणि रजा मिळणार नसली, तर "त्या तारखा दुसरीकडे दिल्यात" असं सांगायचे. तीन वर्षं असं चाललं. मग फोन कमी झाले. एका दिग्दर्शकांच्या सहायकानं मला लक्ष्मी रस्त्यावर गाठून विचारलं, "मावशी, तुम्ही फार बिझी असता ना, म्हणून आम्ही आता विचारतच नाही. पण रविवारी कधी रिकाम्या असता का?" मी खोट्यानं स्वतःलाच बाहेर ठेवलं होतं. रविवार तर सगळेच्या सगळे माझे होते. दिवाळीची सुट्टी होती, शिल्लक रजा होती. मी फक्त सांगितलं नव्हतं. त्या मुलाला मी त्या दिवशी रस्त्यात उभं राहून खरं सांगितलं. सरकारी नोकरी करते, रविवार मोकळा, वर्षाला इतक्या रजा, आठ दिवस आधी कळलं तर जमवते. तो म्हणाला, "अहो, हे किती सोपं आहे!" त्याच्यासाठी ते खरंच सोपं होतं. ज्या माणसाच्या तारखा पक्क्या कळतात, तो प्रॉडक्शनच्या माणसाला आवडतो. पुढच्या दोन महिन्यांत त्यानं मला दोन रविवारांचं काम दिलं.

म्हणून भेटेल त्याला खरं सांग. "शाळेत नाटक शिकवतो, शनिवार-रविवार मोकळा असतो, मे महिना पूर्ण मोकळा आहे, चांगलं काम असेल तर सांगा." हे वाक्य चहावाल्यापासून कास्टिंगवाल्यापर्यंत सगळ्यांना एकाच स्वरात म्हणता आलं पाहिजे. पहिल्या पाच-सहा वेळा घसा आवळेल. मलाही आवळला होता.

बापाच्या भूमिकेबद्दल मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे.

तू लिहितोस, एकदा बाप केला की बापच करत बसायचं. ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. रोहिणी हट्टंगडी आपल्या पुण्याच्या. 'गांधी'मध्ये त्यांनी कस्तुरबा केल्या, त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, जगभर नाव झालं. त्यानंतर हिंदीत त्यांच्याकडे आईच्या भूमिकांची रांग लागली. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई होत्या आणि वयानं त्यांच्यापेक्षा लहान होत्या. हे अन्यायाचं होतं, असं मला आजही वाटतं. बायकांच्या बाबतीत तर ते फार लवकर होतं. पण त्या थांबल्या नाहीत. मराठी रंगभूमीवर, मालिकांत त्यांनी वेगळं काम करत राहण्याची वाट काढली, आणि त्या आईच्या भूमिकांतही त्यांनी पाट्या टाकल्या नाहीत. शिक्का बसतो, हे खरं. पण तुझ्यावर आत्ता कोणता शिक्का आहे, त्याचा विचार केलास का? 'त्या मालिकेतला दीर'. दोन वर्षं रोज संध्याकाळी लोकांनी तुला चकचकीत घरात, इस्त्रीच्या शर्टात बघितलंय. तो शिक्का पुसायला एक बाप उत्तम आहे.

आणि १५ वर्षांच्या मुलाचा बाप म्हणजे म्हातारा नव्हे रे. एकविसाव्या वर्षी बाप झालेला माणूस ३६ चा असतो. आपल्या मावळात, मुळशीत असे किती आहेत! पोरगा खांद्याला लागलाय आणि आपलं तारुण्य अजून गेलेलं नाही, आपल्याला काय व्हायचं होतं ते विचारायलाही कोणाला वेळ नव्हता, असा माणूस. तू वयाच्या ३६ व्या वर्षी 'माझं काय होणार' म्हणून मला पत्र लिहितोयस. या भूमिकेसाठी याहून जास्त जवळचा नट त्यांना कुठून मिळणार? तू संहिता पूर्ण वाचली होतीस का? पत्रावरून तसं वाटत नाही. 'बाप' हा एक शब्द ऐकून तू नाही म्हणालास, असं मला वाटतं. चुकत असेन तर कळव.

नायक आणि नायकाचा मित्र यांना मराठी पडद्यावर फार थोडी वर्षं मिळतात. बाकी काम करून घर चालवणारे बहुतेक नट वकील, मामा, तलाठी, इन्स्पेक्टर, बाप, सासरे करतात आणि ते सत्तरीपर्यंत करतात. तुला सत्तरीपर्यंत काम करायचंय ना? मग त्या दारातून कधीतरी आत जायचंच आहे. ३६ व्या वर्षी गेलास, तर त्या भूमिकांत तुझा हात बसेल.

मुंबईचं थोडक्यात सांगते. वर्षभर भाड्याचं घर, अनामत, रोजचा प्रवास हे सगळं कर्जावर करायचं आणि डोक्यावर हप्ता घेऊन ऑडिशनला उभं राहायचं, यानं काम बिघडतं. डोळ्यांतली गरज कॅमेऱ्याला दिसते. पूर्वी प्रत्येक ऑडिशनला पहाटे उठून सव्वासातची डेक्कन क्वीन पकडावी लागायची, दादरला उतरून अंधेरी, मग जिथे ऑडिशन चालतात त्या आरामनगरच्या गल्ल्या. आता पहिली फेरी बहुतेक वेळा घरून चित्रित करून पाठवता येते. ती नीट कर. फोन आडवा, मागे साधी भिंत, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर. समोरच्याचे संवाद वाचायला बायकोला किंवा मित्राला कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभं कर, म्हणजे नजर बरोबर बसते. पाठवून झालं की विसरून जा. उत्तर न येणं हेच उत्तर असतं आणि ते बहुतेक वेळा उंचीचं, वयाचं, समोरच्या नटीच्या चेहऱ्याशी जुळण्याचं असतं. दुसऱ्या फेरीला बोलावलं तर शिवनेरी बसनं जाऊन रात्री परत ये. आणि नोंदणीचे, ओळखपत्राचे, पोर्टफोलिओचे पैसे मागणारा कोणीही भेटला, तर तो काम देणारा नाही. तिथून उठून ये.

पैशांचंही एक सांगते. मालिकेच्या दोन वर्षांत तुझ्या प्रत्येक बिलातून दहा टक्के टीडीएस कापला गेला असेल. त्यानंतर विवरणपत्र भरलंस का? रिकाम्या वर्षी उत्पन्न कमी असतं, तेव्हा त्या वर्षी कापलेला कर परत मिळू शकतो आणि पुष्कळ नट तो मागतच नाहीत. चित्रपट कलाकारांना कामाच्या मिळालेल्या पैशांतला निम्मा भाग उत्पन्न धरून कर भरायची सोपी पद्धतही कायद्यात आहे. एखाद्या सीएला तासभर भेट. पुढच्या वेळी काम घेशील तेव्हा रोजचा दर, तासांची मर्यादा आणि पैसे किती दिवसांनी मिळणार, हे करारात लिहून घे. नव्वद दिवसांनी म्हटलेले पैसे मला एकदा दीड वर्षानं मिळाले, एकदा मिळालेच नाहीत. करार नव्हता, त्यामुळे कलाकारांच्या संघटनेकडे जाऊन दाखवायला माझ्याकडे कागदच नव्हता.

बायकोबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, "घर तिच्या पगारावर चालतं." ती काय म्हणते, ते पत्रात कुठेच नाही. मित्र काय म्हणतात ते आहे, बाबा काय म्हणतात ते आहे. जी रोज सकाळी डबा घेऊन बँकेत जाते, तिचं एक वाक्य नाही. मला वाटतं, तू तिच्याशीही "बोलणी चालू आहेत" असंच बोलतोयस. आज रात्री जेवण झाल्यावर तिच्यासमोर एक कागद घे. गेल्या नऊ वर्षांत दरवर्षी किती दिवस काम केलं, किती पैसे आले, ते आठवेल तसं लिही. बहुधा कागद तुला वाटतो तितका वाईट दिसणार नाही. पण वाईट दिसला, तरी तो दोघांनी मिळून बघितलेला असेल. तिला विचार, पुढची तीन वर्षं या शाळेसह आणि त्या १५ दिवसांसह तुला चालतील का? तिचं उत्तर मध्येच न तोडता ऐक. माझे यजमान मला एकदा म्हणाले होते की, तुझ्या कामाचं मला कधी ओझं वाटलं नाही, तुझ्या लपवण्याचं वाटलं. ते ऐकायला मला लग्नानंतर बारा वर्षं लागली, कारण मी विचारलंच नव्हतं.

बाबांना "ठरवलं" म्हणून सांग. काय ठरवलं ते त्यांना शाळेच्या पहिल्या पगाराच्या दिवशी सांगितलंस तरी चालेल. त्यांना काळजी आहे, ती त्या दिवशी थोडी उतरेल.

राहिला तो सिनेमा. दोन महिने झाले, कदाचित त्यांना दुसरा बाप मिळालाही असेल. पण मराठी सिनेमाची शूटिंग लांबतात, पैसे अडकतात, नट बदलतात. ज्यानं विचारलं होतं, त्याला फोन कर. सबब सांगू नकोस. "तेव्हा मी संहिता न वाचता नाही म्हणालो, ती माझी चूक झाली. भूमिका अजून मोकळी असेल तर मला वाचायची आहे, ऑडिशनही देतो. आणि मे महिना पूर्ण मोकळा आहे," एवढंच बोल. सकाळी दहाच्या आत कर, त्यानंतर ती मंडळी सेटवर असतात आणि फोन उचलत नाहीत.